प्रत आणि आश्रय : महाड-पोलादपूर परिसराशी निगडित तीन ग्रंथांच्या आद्य प्रतींचा इतिहास

प्रास्ताविक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. या निमित्ताने मराठीतील प्राचीन ग्रंथांची नावे महाविद्यालयीन व्यासपीठांवरून पुन्हा एकदा घेतली गेली. ग्रंथाचे नाव घेणे सोपे असते. तो ग्रंथ आपल्या हाती कोणत्या प्रतीतून आला, ती प्रत कोणी जपली, कोणी शोधली आणि कोणी छापली, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने ग्रंथ ही केवळ संहिता नसून ती एक वस्तूही आहे. तिला कागद, शाई, बांधणी, मालक आणि प्रवास असतो.

प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांशी निगडित अशा तीन ग्रंथांचा विचार केला आहे. पहिला 'दासबोध', ज्याच्या लेखनाची परंपरा महाड तालुक्यातील शिवथर घळीशी जोडली जाते. दुसरा 'शिवभारत', ज्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे आहे. तिसरी 'विटाळविध्वंसन' ही पुस्तिका, जिचे लेखक गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. या तिन्ही ग्रंथांच्या आद्य प्रती व आवृत्त्या कोठे आणि कशा टिकल्या याचा मागोवा घेतला असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत टिकते ती तिच्या गुणवत्तेमुळे नव्हे, तर तिच्यामागे उभ्या असलेल्या आश्रयामुळे. हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

आद्य आवृत्तीचे महत्त्व

जुन्या प्रती गोळा करून त्यांची तुलना करणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा पाठांतराने व नकलांनी अशुद्ध झालेली संहिता पूर्ववत करणे हाच त्यांचा हेतू होता. छापखाना आल्यानंतर हे काम निराळ्या स्वरूपात पुढे चालू झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये शिळाप्रेसवर ज्ञानेश्वरी छापून घेतली. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात तुकोबांची गाथा संपादित केली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्यांना सापडलेल्या जुन्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली.

राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. ज्या पोथीवरून ही आवृत्ती छापली गेली, ती पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. परिणामी १९०९ ची छापील आवृत्ती हाच त्या पोथीचा साक्षीदार ठरला. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने राजवाडे संहितेवर आधारलेली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तीही या छापील पुराव्याच्या बळावर. हस्तलिखित नष्ट झाल्यावर पहिली आवृत्ती हीच मूळ प्रतीचे स्थान घेते, ही बाब ग्रंथसंग्रहाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच्या उलट स्थिती फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची आहे. हा ग्रंथ १६१६, १६४९ व १६५४ असा तीन वेळा गोमंतकात रोमन लिपीत छापला गेला. या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज ज्ञात नाही. मंगळूर येथे १९०७ मध्ये निघालेली आवृत्ती हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध करावी लागली. म्हणजे एकदा छापले की ग्रंथ अमर झाला, हा समजही भ्रामक आहे. हस्तलिखिताप्रमाणेच छापील प्रतही नष्ट होते. किंबहुना स्वस्त कागदावर छापलेली प्रत हातकागदावरील पोथीपेक्षा लवकर नष्ट होते.

ग्रंथालयशास्त्राच्या मराठी परिभाषेत १८६७ पर्यंतच्या छापील पुस्तकांना 'दोलामुद्रिते' म्हणतात. मुद्रणकला पाळण्यात असतानाची ही अपत्ये, असा त्यातील भाव आहे. १८६७ हे वर्ष यादृच्छिक नाही. त्या वर्षी छापखाने व पुस्तकांची नोंदणी यांविषयीचा पंचविसावा कायदा अमलात आला. त्यानुसार छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे व त्यांची नोंद होणे बंधनकारक झाले. त्यामुळे १८६७ नंतरच्या पुस्तकाचा माग सरकारी त्रैमासिक याद्यांतून काढता येतो. त्यापूर्वीच्या पुस्तकाचा माग प्रत्यक्ष प्रत हाती आल्याशिवाय बहुधा लागत नाही.

शिवथर घळ, डोमगाव आणि धुळे

दासबोधाच्या लेखनास शके १५७६ (इ. स. १६५४) मध्ये शिवथर घळीत आरंभ झाला, अशी समर्थ संप्रदायाची परंपरा आहे. वरंध घाटाच्या पायथ्याच्या बाजूस, दाट झाडीत, धबधब्याच्या आडोशाला असलेली ही घळ आज यात्रास्थळ झाली आहे. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहीत, हे चित्र मराठी मनात खोलवर रुजले आहे. वीस दशके, दोनशे समास आणि साडेसात हजारांवर ओव्या असलेला हा ग्रंथ एका बैठकीत वा एका स्थळी पूर्ण झाला नसावा, हे मात्र ग्रंथाच्या अंतरंगावरूनच दिसते. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा निर्देश येतो. हिशेबाने ते वर्ष शके १५८१ म्हणजे इ. स. १६५९ ठरते. परंपरेचे वर्ष आणि ग्रंथातील वर्ष यांत पाच वर्षांचे अंतर पडते. ग्रंथ टप्प्याटप्प्याने सिद्ध झाला असे मानल्यास या अंतराचा उलगडा होतो.

येथे प्रतीचे महत्त्व उघड होते. कालनिर्णयाचा हा सारा डोलारा एका ओवीतील संख्यावाचक शब्दांवर उभा आहे. नकलाकाराच्या हातून त्यांपैकी एक शब्द बदलला असता, तर आपला निष्कर्षही बदलला असता. म्हणून सर्वांत जवळची, सर्वांत विश्वसनीय प्रत कोणती, हा प्रश्न केवळ भाविकाचा नव्हे, तर इतिहासकाराचाही आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात धुळे येथील शंकर श्रीकृष्ण देव (१८७१-१९५८) यांनी आयुष्य वेचले. १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. तिच्या आश्रयाने देवांनी ठिकठिकाणच्या मठांतून रामदासी वाङ्मयाच्या पोथ्या व कागदपत्रे मिळविली. परांडा तालुक्यातील डोमगाव येथे कल्याणस्वामींचा मठ आहे. तेथील कल्याणांच्या हातची मानली जाणारी दासबोधाची प्रत देवांनी प्रमाण धरली आणि १९०५ मध्ये तिच्यावरून दासबोध छापून प्रसिद्ध केला. देवांच्या पूर्वीही दासबोध छापला गेला होता. परंतु कोणती प्रत, कोणत्या मठातील, कोणाच्या हातची, हे स्पष्टपणे पुढे ठेवून संहिता सिद्ध करण्याचे श्रेय देवांना द्यावे लागते.

येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ग्रंथ छापला गेला १९०५ मध्ये. रामदासी कागदपत्रांतील उल्लेखांचा माग घेत देवांनी शिवथरची घळ निश्चित केली ती १९३० मध्ये. म्हणजे स्थळाने ग्रंथ जपला नाही, तर ग्रंथाच्या संग्रहाने स्थळ शोधून दिले. या घळीत दासबोध लिहिला गेला, असे आज आपण महाडकर अभिमानाने सांगतो. तो अभिमान धुळ्याच्या एका संग्राहकाने पंचवीस वर्षांच्या चिकाटीने आपल्या पदरात घातला आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

पोलादपूर, तंजावर आणि पुणे

पोलादपूरची कथा याहून वेगळी, तथापि आशयाने तीच आहे. कवींद्र परमानंद हे मूळचे नेवासे येथील. शिवछत्रपतींच्या आश्रयाने त्यांनी 'शिवभारत' हे संस्कृत महाकाव्य रचले. शिवकालाच्या समकालीन साधनांत या काव्याचे स्थान पहिल्या पंक्तीचे आहे. अफझलखानाचा वध, सिद्दी जौहरचा वेढा, शायिस्तेखानाची स्वारी हे प्रसंग त्यात येतात आणि महाराजांच्या जन्मतिथीच्या निर्णयातही त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाते. उपलब्ध काव्य एकतीस अध्याय पूर्ण करून बत्तिसाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकापाशी थांबते.

परमानंदांची समाधी पोलादपूरला आहे. महाबळेश्वरकडे जाणारा प्रवासी तिच्याजवळून जातो, परंतु ती कोणाची हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. त्यांच्या काव्याची पोथी मात्र सापडली ती थेट तंजावरला. तेथील भोसले राजघराण्याच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ व तेलुगू हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८-१८३२) काळात तो विशेष समृद्ध झाला आणि १९१८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय म्हणून अभ्यासकांना खुला झाला. या संग्रहातील हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी शिवभारताचे संपादन केले. मूळ संस्कृत श्लोक व मराठी भाषांतर यांसह हा ग्रंथ १९२७ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाला.

कालाचे अंतर पाहा. महाराजांच्या पदरी असलेल्या कवीचे काव्य महाराजांच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी छापले गेले असते तर आश्चर्य वाटले नसते. प्रत्यक्षात हे अंतर २४७ वर्षांचे आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या लेखकांनी शिवचरित्रे लिहिली, त्यांना हे छापील शिवभारत उपलब्ध नव्हते. त्यामुळे १९२७ पूर्वीचे आणि नंतरचे शिवचरित्रलेखन यांत साधनांच्या दृष्टीने एक सीमारेषा आखावी लागते. एक प्रत छापली जाणे म्हणजे इतिहासलेखनाची दिशा बदलणे कसे असते, याचे हे ठळक उदाहरण होय. दिवेकरांच्या आवृत्तीची प्रत आज आपल्या ग्रंथालयात असेल, तर ती कपाटातील एक जीर्ण पुस्तक नसून इतिहासलेखनातील एक घटना आहे, याची जाणीव ठेवून ती हाताळली पाहिजे.

रावढळची पुस्तिका

आतापर्यंतचे दोन ग्रंथ सर्वमान्य अभिजात ग्रंथ आहेत. तिसरे लेखन आकाराने लहान असून 'अभिजात' या शब्दाच्या रूढ अर्थात ते बसत नाही. लेखाचा खरा प्रश्न मात्र येथेच उभा राहतो.

गोपाळबाबा वलंगकर यांनी लष्करी सेवेतून निवृत्त झाल्यावर दापोली येथे वास्तव्य केले आणि अस्पृश्यतेच्या विरोधात लेखणी हाती घेतली. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 'विटाळविध्वंसन' ही त्यांची पुस्तिका १८८८ ची. विटाळाच्या कल्पनेला शास्त्राचा आधार काय, असे प्रश्न त्यांनी धर्माधिकाऱ्यांना व समाजधुरीणांना उद्देशून विचारले. दलित समाजातील लेखकाने छापील माध्यमाचा असा उपयोग केल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या पुस्तिकेची गणना होते. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्यासह बसण्यास काही सभासदांचा विरोध होता, ही घटनाही या परिसराच्या इतिहासाचा भाग आहे. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

या पुस्तिकेच्या मागे मठ नव्हता. राजवाडा नव्हता. संशोधन मंडळ नव्हते. ती कोणी लाल बासनात गुंडाळून देवघरात ठेवणार नव्हते. ज्या समाजासाठी ती लिहिली गेली, त्या समाजाला शाळेची दारे पुरती उघडली नव्हती आणि ज्यांच्या कपाटांत पुस्तके होती, त्यांना ती जपण्याचे कारण नव्हते. म्हणूनच बहुतेक अभ्यासकांना ही पुस्तिका आज मूळ रूपात न भेटता इतरांच्या लेखनातून भेटते.

हा अनुभव एकट्या वलंगकरांचा नाही. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला. डॉ. स. गं. मालशे यांनी त्याची प्रत मिळवून १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी स्त्रीवादी विचाराचा आरंभ कोठून मानावा, या प्रश्नाचे उत्तरच बदलले. महात्मा फुले यांचे विखुरलेले लेखन धनंजय कीर व मालशे यांनी १९६९ मध्ये समग्र वाङ्मय म्हणून एकत्र आणले. त्यापूर्वी फुल्यांच्या पुस्तकांच्या मूळ आवृत्त्या शोधून वाचणे किती जणांना शक्य होते, याचा विचार करावा.

१९२७ हे वर्ष या संदर्भात पुन्हा डोळ्यांसमोर येते. त्या वर्षी पुण्यात शिवभारताची पहिली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि २५ डिसेंबर रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. ज्यांना शतकानुशतके ग्रंथापासून दूर ठेवले गेले, त्यांनी एका ग्रंथाच्या अधिकारालाच दिलेले ते आव्हान होते. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. महाडच्या लढ्याची बाजू त्यातून मांडली गेली. स्वस्त कागदावरील या अंकांचे पुढे काय झाले असते? वसंत मून यांच्यासारख्या संग्राहकाने व संपादकाने त्यांचा पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक महाराष्ट्र शासनाच्या वतीने ग्रंथरूपाने पुन्हा छापले गेले, म्हणून ते आज आपल्यासमोर आहेत. जो ग्रंथांच्या सत्तेला प्रश्न विचारतो, त्यालाही आपले प्रश्न टिकविण्यासाठी संग्रहाची गरज लागते, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

आश्रयाची तीन रूपे

वरील विवेचन एकत्र पाहिले असता आश्रयाची निरनिराळी रूपे दिसतात. दासबोधाला मठाचा आश्रय होता. नित्यपाठाचा ग्रंथ असल्याने त्याच्या नकला होत राहिल्या आणि गुरुशिष्यपरंपरेमुळे मूळ प्रत पूज्य ठरली. शिवभारताला राजघराण्याचा आश्रय लाभला. महाराष्ट्रातील राजकीय उलथापालथीपासून दूर, कावेरीच्या काठी त्याची पोथी सुरक्षित राहिली. विसाव्या शतकात या दोन्ही ग्रंथांना संशोधनसंस्थांचा आश्रय मिळाला. 'विटाळविध्वंसना'सारख्या लेखनाला यांपैकी काहीही मिळाले नाही. त्याला उशिराने मिळाला तो जागरूक अभ्यासकांचा आश्रय आणि तोही तुटपुंजा.

यावरून संग्रहाच्या धोरणाविषयी एक दिशा मिळते. जुन्या पुस्तकांचा बाजार दुर्मिळतेची किंमत करतो, परंतु त्यासाठी आधी ग्रंथ प्रसिद्ध असावा लागतो. ज्ञानेश्वरीच्या शिळाप्रेसवरील आवृत्तीला ग्राहक मिळेल. एखाद्या जलशाच्या पदांची सोळा पानी पुस्तिका, एखाद्या जातपंचायतीचे छापील नियम, एखाद्या गावच्या वाचनालयाचा जुना अहवाल यांना ग्राहक मिळणार नाही आणि ते रद्दीत जाईल. महाविद्यालयीन ग्रंथालयाने नेमके बाजाराच्या विरुद्ध दिशेने जायला हवे. जे कोणी जपत नाही, ते आधी जपावे.

याबरोबरच संग्रहाच्या जुन्या पद्धतीकडेही चिकित्सक दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. राजवाडे, देव, दिवेकर यांच्या पिढीने घराघरांतून आणि मठामठांतून कागद मिळविले नसते, तर ते वाळवीने संपविले असते. हे ऋण मोठे आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड सिद्ध केला आणि त्याच्या बहुतेक छापील प्रती वाईच्या छापखान्याला लागलेल्या आगीत जळाल्या. तरीही त्यांनी काम सोडले नाही. तथापि या पद्धतीने कागद वाचले आणि गाव त्यांना मुकले, हेही खरे. पुण्याला वा धुळ्याला गेलेल्या कागदाचे मूळ गावाशी असलेले नाते हळूहळू पुसले गेले. आज छायाचित्रणाची साधने प्रत्येकाच्या हाती असताना मूळ प्रत घरातून हलविण्याची गरज उरलेली नाही.

पूर, पाऊस आणि आपले ग्रंथ

या परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हवेत इतका दमटपणा असतो की, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते आणि कसर लागते. त्यात सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुराची भर पडते. २२ व २३ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच वेळी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. जेथे माणसे गेली तेथे पोथ्यांचे दुःख कोणी करावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घर पुन्हा उभे राहिल्यावर माणूस आपल्या माणसांच्या खुणा शोधू लागतो आणि घरातील पोथी ही अशीच एक खूण असते.

त्या पुरानंतर काही महिन्यांनी एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकाला आपल्या घरची भिजलेली पोथी दाखविली. श्रीधरांच्या 'पांडवप्रतापा'ची ती सुट्या पानांची, पोथीच्या आकारात छापलेली प्रत होती. मुंबईला कामाला गेलेल्या पणजोबांनी ती आणली होती, एवढेच घरी ठाऊक होते. चातुर्मासात ती वाचली जाई. पुराचे पाणी ओसरल्यावर घरच्यांनी ती कडक उन्हात वाळत घातली. पाने आक्रसली, एकमेकांना चिकटली आणि ती सोडविताना मुखपृष्ठ व शेवटचे पान यांचे तुकडे झाले. छापखान्याचे नाव, सन, किंमत हा मजकूर नेमका याच दोन पानांवर असतो. पोथी राहिली, पण तिचा जन्मदाखला गेला. महिनाभर आधी कोणी त्या दोन पानांची छायाचित्रे घेतली असती, तर या परिसरातील एका शेतकरी कुटुंबाच्या वाचनाचा निश्चित पुरावा आपल्याजवळ राहिला असता. तो प्रश्न आपण विचारला नाही, हा दोष इतिहासाचा शिक्षक म्हणून प्रस्तुत लेखक स्वतःकडे घेतो.

अशी हानी टाळण्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. भिजलेले पुस्तक उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद घालून वाळवावे. चिकटलेली पाने ओली असताना ओढू नयेत. पुस्तके जमिनीलगतच्या फळीवर ठेवू नयेत आणि दुर्मिळ प्रती वरच्या मजल्यावर असाव्यात. कसरीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याचा घरगुती उपाय आजही उपयोगी आहे. मात्र सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे प्रतिरूप करून ते दुसऱ्या ठिकाणी ठेवणे. शिवभारत वाचले ते तंजावरला होते म्हणून. एक प्रत, एक जागा ही व्यवस्था पुराच्या प्रदेशात चालत नाही.

कायद्याच्या दोन बाबीही ध्यानात ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यानुसार वाङ्मयीन वा ऐतिहासिक मूल्याचे, किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. दुसरे असे की, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य सर्वांसाठी मुक्त होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांचे प्रतिरूप करून ते वाचकांना देण्यास सहसा अडचण नाही. २००३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय पांडुलिपी अभियान आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेले ज्ञान भारतम् अभियान यांचा भर हस्तलिखितांवर आहे. छापील पुस्तिका व सुटी पत्रके यांची जबाबदारी आपल्यासारख्या संस्थांनीच उचलली पाहिजे.

निष्कर्ष

१. दासबोध व शिवभारत या दोन्ही ग्रंथांचा महाड-पोलादपूर परिसराशी निकटचा संबंध असला, तरी त्यांच्या प्रमाण प्रती डोमगाव व तंजावर येथे टिकल्या आणि त्यांवरील आवृत्त्या धुळे व पुणे येथून निघाल्या. स्थळाचे माहात्म्य आणि प्रतीचे जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२. हस्तलिखित नष्ट झाल्यास आद्य आवृत्ती हाच मूळ पुरावा ठरतो. राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीवरून हे सिद्ध होते. म्हणून पुढे सुधारित आवृत्ती निघाली तरी जुनी आवृत्ती ग्रंथालयाने रद्दबातल करू नये.

३. प्रतीचे टिकणे हे तिच्यामागील सामाजिक सामर्थ्यावर अवलंबून राहिले आहे. वलंगकर व ताराबाई शिंदे यांच्या लेखनाची उपेक्षा हा त्याचा पुरावा होय. संग्रहाचा अग्रक्रम ठरविताना ही विषमता दूर करण्याची दृष्टी असावी.

४. 'विटाळविध्वंसना'सारख्या पुस्तिकांचा शोध घेताना १८६७ च्या कायद्यानुसार झालेल्या नोंदी, शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आणि ब्रिटिश म्युझियममधील मराठी पुस्तकांची १८९२ ची ब्लूमहार्टकृत सूची ही साधने पद्धतशीरपणे पाहिली जावीत.

५. मूळ प्रत कुटुंबाकडेच ठेवून मुखपृष्ठ, अंत्यपृष्ठ, मालकाची सही, दानाची वा वाचनाची नोंद यांची छायाचित्रे घेण्याचा आणि त्यांची नोंदवही ठेवण्याचा उपक्रम मराठी, इतिहास व ग्रंथालय या तीन विभागांनी मिळून हाती घ्यावा. पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. त्यासाठी पावसाळ्यापूर्वीचे महिने निवडावेत.

शिवथरला जाणारा विद्यार्थी घळ पाहून परत येतो. पोलादपूरचा विद्यार्थी परमानंदांच्या समाधीवरून रोज महाविद्यालयात येतो. त्यांच्या हाती देवांची १९०५ ची वा दिवेकरांची १९२७ ची आवृत्ती एकदा तरी द्यावी आणि शेजारी वलंगकरांच्या पुस्तिकेची रिकामी जागा दाखवावी. ती जागा भरण्याचे काम पुढच्या पिढीचे आहे. तिला ते सोपवण्याचे काम आपले आहे.